नाक बंद आणि फुंका

नाही, पण मला तुम्ही एक सांगा. ऑपरेशन नाकाचं ना? वाकडं काय होतं, तर नाक. सरळ काय करायचंय, तर नाक. मग आधी तपासणी कशाची? फुप्फुसाची. बरं, असेल बाबा, आपण काय डॉक्टर नाही, करा तपासणी म्हटलं. तर त्या खोलीत कावेरी म्हणून एक मुलगी आहे, पांढरा कोट, वेणीत अबोलीचा गजरा, अगदी गोड बोलते, ती मला स्टुलावर बसवते, तोंडात ही एवढी पुठ्ठ्याची नळी देते, नळीच्या पलीकडे यंत्र, यंत्रावर कागद, कागदावर पेन आपलं आपण रेघ काढायला तयार, आणि मग ही बाई काय करते माहितीय? माझ्या नाकाला चिमटा लावते. चिमटा. दोरीवर कपडे वाळत घालतो ना आपण, त्या चिमट्याचाच शिकलेला भाऊ.

"मूगु मुच्चि, जोरागि ऊदि, सार." म्हणजे काय, तर नाक बंद आणि फुंका जोरात.

मी नळी काढली तोंडातनं. म्हटलं, अक्का, मी नाकाच्या तक्रारीसाठी आलोय, आणि तू नाकच बंद करतेस? म्हणजे डोळे तपासायला बोलवायचं आणि दिवा घालवायचा, त्यातलाच प्रकार झाला हा. ती म्हणाली, "सरी सार, ऊदि." म्हणजे बरं साहेब, फुंका. तिला काय, रोज शंभर लोक हेच विचारत असणार. फुंकलो मग. ती शेजारी उभी राहून, "इन्नू, इन्नू, इन्नू, बिडबेडि," म्हणजे अजून, अजून, सोडू नका... अहो, डोळे बाहेर यायची पाळी आली, कानशिलं तापली, पोट पाठीला लागलं, तरी हिचं आपलं "इन्नू". मी मनात म्हटलं, बाई, आता आत काही शिल्लक नाही, उरलाय तो फक्त मी. तिनं कागद फाडला, बघितला आणि म्हणाली, "इन्नोंद सल." म्हणजे आणखी एकदा. नाक बंद करायचं आणि फुंकायचं.

आता तुम्ही म्हणाल, गुंडूअण्णा, या वयात नाक सरळ करून कुणाला दाखवायचं होतं? दाखवायचं नव्हतं हो. नाक बाहेरनं सरळच आहे, बघा की. वाकडा आहे तो आतला पडदा. लहानपणी विटी लागली होती नाकावर, आईनं हळद दाबली, काम भागलं. बाहेरचं भरून आलं, आतलं कोण बघतंय? तेव्हापासनं डावी नाकपुडी बंद आणि उजवी कधी मेहेरबान झाली तर. श्वास सगळा तोंडानं. त्यामुळं माझं तोंड कायम उघडं. जगातल्या प्रत्येक गोष्टीचं मला आश्चर्य वाटतंय असा चेहरा. आमच्या लग्नाचा फोटो आहे, सुनंदा खाली बघतीये आणि मी तिच्याकडं बघून आ वासलाय. तिच्या माहेरी अजून सांगतात, आमची मुलगी इतकी देखणी की जावईबापूंचं तोंड मिटेना. मी कशाला सांगू त्यांना की सर्दी झाली होती?

तर नाकाचं मला काही वाटत नव्हतं. प्रश्न होता शंखाचा.

शंख आमच्या बाबांचा. बाबा निपाणीकडनं बंगळूरला आले ते एक ट्रंक आणि हा शंख घेऊन, असं म्हणायचे. बनशंकरीला आपली चार मराठी घरं जमली, गणपती बसायला लागला, तेव्हापासनं शंख आमच्या घराण्याकडं. आरती संपली, कापूर पेटला की मखराच्या मागं उभं राहून शंख फुंकायचा. मखराच्या मागंच. बाबा म्हणायचे, लोकांनी देवाकडं बघावं, फुंकणाऱ्याच्या गालांकडं नव्हे. शंख थांबला की सगळ्यांनी मुठीतली फुलं देवावर टाकायची. बाबांचा श्वास असा लांब की लोकांचे हात दुखायचे मूठ धरून.

मग बाबा गेले आणि शंख माझ्याकडं आला. आणि माझं नाक हे असं. निम्म्यात श्वास संपायचा. नाकानं घेता येत नाही, म्हणजे शंख ओठापासनं काढा, तोंड उघडा, हवा घ्या, शंख परत ओठाला लावा. म्हणजे कसं, तर भूंऽऽऽ... हप्... भूंऽऽऽ. त्या "हप्"ला पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, संपला शंख, टाकली फुलं सगळ्यांनी, आणि मागनं माझा परत सुरू. हसू आलं सगळ्यांना. मला लाजल्यासारखं झालं. पण आपल्या तानूबाई आहेत ना, मंडळातल्या सगळ्यात जुन्या, त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला. म्हणाल्या, "असू दे. आता गुंडूच्या हप्‌ला फुलं टाकायची." झालं. तेव्हापासनं पद्धत पडली. आरती, कापूर, शंख, हप्, फुलं. नवीन सुना येतात त्यांना पण हेच शिकवतात, हप् ऐकू आलं की टाक गं. बाहेरचं कुणी विचारलं तर गंभीर चेहरा करून सांगतात, आमच्यात असंच असतं.

सगळं नीट चाललं होतं. पण वय होतं हो माणसाचं, आणि ह्या गावाची हवा. पूर्वी बंगळूर म्हणजे पंखा लागायचा नाही. आता रिक्षांचा धूर, जिथं तिथं खणलेला रस्ता, आणि मोकळ्या प्लॉटवर ते गाजरगवत, त्याचा पराग उडला की निम्मी बनशंकरी शिंकत असते. गेल्या वर्षी तर माझी उजवी नाकपुडी पण गेली. भूंऽऽ हप्, भूं हप्, भू हप्. लोकांनी पहिल्या हप्‌ला फुलं टाकली, दुसऱ्याला अक्षता टाकल्या, तिसऱ्याला हातात काही नव्हतं तर प्रसादाचे चुरमुरे टाकले देवावर. आणि शेवटी शंखातनं काय आलं, तर फुस्स.

आरती झाल्यावर निहार आला माझ्याकडं. निहार म्हणजे पुण्याचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, दोन-तीन वर्षांपूर्वी आली ही नवीन मंडळी, हुशार आहेत, काम करतात, मंडळाचा सेक्रेटरीच केलाय आम्ही त्याला. तो अगदी हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "काका, डोन्ट माइंड हं, पण माझ्याकडे शंखनादाची कॅसेट आहे. स्टिरिओ आहे. एकदम क्लिअर. नेक्स्ट इयर ती लावू या का? तुम्हाला उगाच त्रास." आता तो वाईट बोलला का? नाही. माझी काळजीच केली त्यानं. पण मला वाईट वाटलं. अगदी पोटातनं वाईट वाटलं. बाबांचा शंख कपाटात आणि देवापुढं टेपरेकॉर्डर? मी म्हटलं, निहार, एक वर्ष दे मला. पुढच्या गणपतीत जर शंख नीट वाजला नाही, तर मी स्वतः तुझं बटण दाबतो. तो म्हणाला, "शुअर काका, कॅसेट बॅकअपला ठेवू."

म्हणून मी गेलो डॉक्टरांकडं. कळलं? नाकासाठी नाही, शंखासाठी.

डॉक्टर महांतेश. विजापूरकडचे, मराठी येतं, पण मधेच कन्नडमध्ये वळण घेतात. त्यांनी काय केलं, एक स्टीलची थंडगार पट्टी घेतली, माझ्या नाकाखाली धरली, म्हणाले, सोडा श्वास. पट्टीवर वाफ धरते बघा, तशी धरली. उजवीकडं एवढासा ठिपका, डावीकडं काहीच नाही, स्वच्छ पट्टी. मग त्यांनी ती स्वतःच्या नाकाखाली धरून दाखवली. दोन्हीकडं कशी छान पानासारखी वाफ. मी तर बघतच राहिलो. मी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला आहे, माझा जन्म गेला भोकं तपासण्यात. आमच्याकडं गेज असतो, भोकात गेला तर माल पास, अडकला तर परत. इतकी वर्षं दुसऱ्यांची भोकं पास-नापास करतोय आणि माझी स्वतःची डावी नाकपुडी नापास, हे एका पट्टीनं सांगितलं.

मग मी त्यांना विचारलंच, की डॉक्टर, ते चिमट्याचं काय आहे? नाक सुधारलं की नाही ते बघायचं आणि नाक बंद करून फुंकायचं, हे मला पटत नाही. ते हसले. म्हणाले, "नोडि, बघा गुंडूराव, चिमटा नाही लावला तर हवा नाकातनं निसटते. मग फुप्फुसात किती होती ते कसं कळणार?" मी म्हटलं, बरोबर. पण मग तुम्ही नाक दुरुस्त केलंत हे फुप्फुसाला कसं कळणार? नाक इथं वर, फुप्फुसं तिथं खाली.

तर म्हणाले, "नाक म्हणजे काय नुसतं भोक आहे काय?" मला तसंच वाटत होतं. म्हणाले, नाकातनं हवा जाताना गरम होते, ओली होते, धूळ गाळली जाते, मग खाली जाते. तुम्ही जन्मभर तोंडानं घेताय. म्हणजे कोरडी, थंड, रस्त्यावरची हवा सरळ आत. फुप्फुसांना रोज तेच. ती आकसतात, चिडतात, दम लागतो. नाक मोकळं झालं, हवा नीट तयार होऊन जायला लागली, की फुप्फुसांना आराम पडायला पाहिजे. मग नाक बंद करून फुंकलं तरी फरक दिसायला पाहिजे.

"पाहिजे म्हणजे? दिसतो की नाही?"

"कुणाचा दिसतो, कुणाचा स्वल्प दिसतो, कुणाचा नाहीच दिसत. म्हणून तर आधी मोजतो, ऑपरेशन करतो आणि मग परत मोजतो."

"म्हणजे तुम्हाला पण ठाऊक नाही?"

"ठाऊक असतं तर मोजलं कशाला असतं?"

हा माणूस मला आवडला. मी म्हटलं, कापा नाक.

घरी येऊन सांगितलं तर सुनंदा म्हणाली, "अहो, आतला पडदा कापल्यावर वरचं नाक खाली बसलं तर? तंबूची काठी काढल्यासारखं?" हे मी विचारलंच नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी परत डॉक्टरांकडं. ते म्हणाले, काठी काढत नाही, वाकडी आहे तेवढीच सरळ करतो, वर आणि पुढं आधार ठेवतो. मी घरी येऊन सांगितलं. सुनंदा म्हणाली, "मग वास येईल का तुम्हाला?" परत मी डॉक्टरांकडं. शेवटी ते म्हणाले, गुंडूराव, वहिनींनाच पाठवा.

ऑपरेशनचं काही सांगण्यासारखं नाही, झोपवलं, उठलो, झालं होतं. सांगण्यासारखं आहे ते पुढचं. दोन्ही नाकपुड्यांत कापडाची पट्टी ठासून भरलेली. तुम्ही कधी दोन्ही नाकपुड्या बंद ठेवून इडली गिळलीय का? गिळून बघा. कानात कुणीतरी पाणी ओढल्यासारखं होतं. तोंडानं श्वास घ्यायचा की तोंडानं खायचं, एका वेळी एकच काम. जन्मभर तोंडानं श्वास घेतला, पण तेव्हा कमीत कमी मनात होतं की बाबा, वर एक खिडकी आहे. आता भिंतच.

मग डॉक्टरांनी पट्टी काढली. ती येते, येते आणि येतच राहते. मला वाटलं, आता शेवटी माझा मेंदू येतो बाहेर. संपली एकदाची. म्हणाले, "घ्या श्वास. तोंड मिटून." मी तोंड मिटलं. घाबरत घाबरत, कारण मला माहीत आहे, तोंड मिटलं की गुदमरतो आपण. आणि घेतला...

कसं सांगू तुम्हाला. थंडगार. वरपर्यंत. कपाळाच्या आत कुणीतरी दार उघडलं. आणि आवाज नाही काही, घोर नाही, शीळ नाही, आपोआप हवा आत चाललीय, मागायला लागत नाही. मी परत घेतला. परत घेतला. खालच्या कँटीनमधनं कॉफीचा वास आला. मग ओल्या फरशीचा. मग डॉक्टरांच्या हाताचा साबण. मी म्हटलं, डॉक्टर, लोक हे रोज असंच घेतात? फुकट? ते म्हणाले, "घेतात, पण लक्ष नसतं त्यांचं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. सुनंदा म्हणाली, दुखतंय का? मी म्हटलं, नाही गं, येतंय आत.

त्यानंतर मी काय केलं, सुनंदाचा छोटा हातआरसा घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकाखाली धरायला लागलो. वाफ बघायला. आणि तुम्हाला सांगतो, एक चमत्कारिक गोष्ट कळली. कुणाचीच वाफ दोन्हीकडं सारखी नसते. सकाळी माझी डावीकडं मोठी, दुपारी उजवीकडं. मी धावत डॉक्टरांकडं, म्हटलं, परत वाकडं झालं की काय? ते म्हणाले, नाही, नाकपुड्या आळीपाळीनं काम करतात, एक जोरात चालते तेव्हा दुसरी आराम करते. शिफ्ट ड्यूटी. बघा म्हणजे. फॅक्टरीत आम्ही शिफ्टसाठी युनियन करून भांडलो आणि नाकात हे आधीपासनं चालू आहे, ओव्हरटाइम न मागता. दूधवाल्याचं नाक बघितलं, रिक्षावाल्याचं बघितलं, तानूबाईंचं बघितलं. त्या म्हणाल्या, "गुंडू, मी जिवंत आहे रे अजून."

आणखी एक झालं. माझं तोंड मिटायला लागलं. जन्मात पहिल्यांदा. आणि फॅक्टरीत जो तो विचारतो, काय गुंडूअण्णा, काही झालं का? रागावलात का? साहेब म्हणाले, कुणी काही बोललं का तुम्हाला? अहो, मी खुशीत आहे, नाकानं श्वास घेतोय. पण आश्चर्य वाटणारा माणूस सगळ्यांना ओळखीचा होता, हा तोंड मिटलेला कोण?

मग काही दिवसांनी परत बोलावणं आलं. तीच खोली, तीच कावेरी, तोच अबोलीचा गजरा, फक्त आता मला त्या खोलीतल्या स्पिरिटचा वास येतो. मी ऐटीत बसलो. नवीन नाक. आणि तिनं काढला चिमटा. म्हटलं, कावेरीअक्का, आता तरी त्याला मोकळं सोड, त्याच्यासाठी एवढं केलं. "सरी सार. मूगु मुच्चि, ऊदि." नाक बंद करायचं आणि फुंकायचं.

फुंकलो. इन्नू, इन्नू. पेनची रेघ गेल्या वेळेपेक्षा लांब गेली का? मी डोळे तिरके करकरून बघतोय. डॉक्टरांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले, खिडकीच्या उजेडात धरले. आम्ही दोघं असे उभे, जसं काही पत्रिका जुळतीये. म्हणाले, "स्वल्प सुधारलंय."

"स्वल्पच?"

"स्वल्प. पण खरं आहे. नाकाचं म्हणाल तर दुप्पट मोकळं, फुप्फुसाचं म्हणाल तर स्वल्प. नवीन फुप्फुसं मी कुठनं आणू, गुंडूराव? आहेत त्यांना चांगली हवा मिळतीये एवढंच."

मला जरा हिरमुसल्यासारखं झालं. स्वल्प सुधारलेल्या दमावर बाबांचा शंख कसा वाजणार? आणि गणपती तोंडावर आलेले. त्यात डॉक्टरांनी इतके दिवस शंखाला हातसुद्धा लावायचा नाही अशी शपथ घातलेली, आतलं ओलं आहे, ताण नको म्हणून. त्या दिवशी परवानगी दिली. घरी आलो, शंख पुसला, न्हाणीघरात गेलो, दार लावलं आणि फुंकलो.

आणि श्वास संपत आला तेव्हा काय झालं, मी हप् करायला ओठ काढणार, तोच नाकानं आपला आपण श्वास घेतला. ओठ शंखावर. गालात हवा होती तेवढी शंखाला पुरली, तोवर नाकानं खालची भरली. भूंऽऽऽऽऽऽ... मधे काहीच नाही. सरळ रेघ. माझा विश्वास बसेना. परत केलं. परत तसंच. फुप्फुसं स्वल्पच सुधारली होती हो, पण आता त्यांना भरायला मधे थांबावं लागत नव्हतं. सुनंदा बाहेरनं दार वाजवतीये, "अहो, शेजारचे विचारतायत, शनिवार नसताना दासय्या कसा आला?" शंख घेऊन दारोदार येतो ना, तो दासय्या. येऊ दे म्हटलं. मी न्हाणीघरात उभा राहून रडतोय आणि हसतोय. बाबांनी सुद्धा असा वाजवला नव्हता.

आणि आली चतुर्थी. मंडळाचा हॉल भरलेला, तानूबाई पुढं, सगळ्यांच्या मुठीत फुलं. मी मखराच्या मागं, बाबांच्या जागेवर. शेजारी स्टुलावर निहारचा टेपरेकॉर्डर, कॅसेट घालून तयार, बॅकअप. बटण दाबायला त्याची बायको मुग्धा येणार होती, पण तिला ऐन वेळी तबक धरायला पुढं बोलावलं. म्हणजे मागं मी, शंख आणि तो टेपरेकॉर्डर. आरती संपली. कापराचा वास आला मला, धुपाचा आला, शेवंतीचा आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा देवाचा वास आला. भरून घेतला आणि लावला शंख ओठाला.

काय वाजला म्हणून सांगू. एक सूर. हलला नाही, थरथरला नाही, संपला नाही. नाक आपलं हवा भरतंय, गाल आपले धरून आहेत, मी वाजवतोय, वाजवतोय... मधेच लाइट गेली. बंगळूरची लाइट, जायचीच. पंखे बंद, माइक बंद, ट्यूबलाइट बंद, माझा शंख चालू. मी म्हटलं, आता तर कळेलच सगळ्यांना. अंधारात, समईच्या उजेडात, नुसता शंख. मी थांबलो ते दम संपला म्हणून नाही, मला वाटलं, पुरे आता, बाबा ऐकत असतील तर त्यांना पण झोपायचं असेल.

पुढं आलो. आणि बघतो तर काय, सगळे मूठ धरून उभे. फुलं हातातच. कुणी टाकलीच नाहीत. एकमेकांकडं बघतायत. कशी टाकतील? हप् कुठं झालं?

शेवटी तानूबाईंनी टाकली, मग बाकीच्यांनी टाकली, झाली एकदाची पूजा. आणि सगळे निहारला म्हणतायत, वा वा, काय कॅसेट आहे. काय आवाज. लाइट गेली तरी चालू. निहार म्हणतोय, "हो, त्यात सेल टाकलेत ना." त्याला वाटलं, मुग्धानं लावली. मुग्धाला वाटलं, ह्यानं लावली. मी म्हटलं, अरे, तो मी होतो. निहार म्हणाला, "हो हो, काका, तुमची परंपरा आहेच ना, आम्ही मानतो." मी म्हटलं, नाही रे बाबा, खरंच मी वाजवला. तर एक जण म्हणतो, गुंडूअण्णा, रागावू नका, चेहऱ्यावर दिसतोय राग. आता काय करायचं? तोंड मिटलेलं होतं हो माझं. मी म्हटलं, थांबा, आत्ता वाजवून दाखवतो, तर म्हणाले, "असू दे, असू दे, डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हटलंय ना." प्रसाद वाटायला लागले. आणि तिथंच ठरलं, आता यापुढं कॅसेटच. सगळ्यांनी हात वर केले. माझ्या शंखाला मिळालेली पहिली दाद ही, आणि तिनंच शंख बंद केला.

तानूबाई तेवढ्या मागं आल्या माझ्याकडं. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "गुंडू, तू वाईट वाटून घेऊ नको रे. चांगली असेल त्यांची कॅसेट. पण मला मेलीला कळेचना, फुलं कधी टाकायची. मी आपली वाट बघतेय, गुंडूचं हप् येईल, येईल. तुझं हप् आलं की वाटायचं, आपल्यातलंच कुणीतरी तिथं मागं उभं आहे." आणि मुठीत राहिलेली दोन शेवंतीची फुलं माझ्या हातात दिली, घामानं पार मऊ झालेली. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, परत मिटलं आणि ती फुलं खिशात ठेवली.

डॉक्टर महांतेशांना प्रसाद द्यायला गेलो तर त्यांनी विचारलं, "काय गुंडूराव, ऑपरेशनचा उपयोग झाला काय?" मी म्हटलं, डॉक्टर, इतका झाला, इतका झाला की मी उरलोच नाही. ते बिचारे विचारात पडले. म्हणाले, हे मी मोजलं नव्हतं.

तर आता उद्या विसर्जन. उद्याची शेवटची आरती मी निहारकडनं हात जोडून मागून घेतलीय, तो म्हणाला, "शुअर काका, वन लास्ट टाइम." आणि येताना मी कावेरीकडं गेलो होतो. तिला म्हटलं, अक्का, एक वस्तू दे उसनी. तिनं विचारलं कशाला, मी सांगितलं, ती बाई हसून हसून स्टुलावर बसली. हा बघा, खिशात आहे. इतकं करून, पडदा सरळ करून, दोन्ही नाकपुड्या शिफ्टमध्ये चालू करून, उद्या मखराच्या मागं उभा राहणार, हा चिमटा लावणार, आणि काय... नाक बंद करायचं आणि फुंकायचं.